मध दगडासारखा झालाय, सकाळपर्यंत पातळ हवाय, प्लीज मदत करा

कोलशेतवाला: बाटलीतला मध पूर्ण थिजलाय, चमचा उभा राहतो त्यात. सकाळपर्यंत वापरण्याजोगा करायचाय. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू का? बायको म्हणते फेकून दे, साखर घातलेला आहे. लवकर सांगा.

वाशी_सेक्टर९: बाटली काचेची की प्लास्टिकची? किती मध आहे? ठेवला कुठे होता?

सानपाड्याची_आई: मायक्रोवेव्ह नकोच. माझी प्लास्टिकची बाटली एका बाजूने आक्रसली, कडेचा मध उकळला आणि मधला गठ्ठा तसाच.

घोडबंदर_जुना: भेसळच आहे. खरा मध थिजत नाही. काडीला लावून पेटवा, पेटली तर शुद्ध, आम्ही कायम असंच बघून घेतो.

वाशी_सेक्टर९: काका, तसं नाही. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं, त्यातलं ग्लुकोज कमी विरघळतं म्हणून त्याचे रवे धरतात. मोहरीचा मध तर थोड्याच आठवड्यांत तुपासारखा होतो आणि तो अस्सल असतो. काडी तर साखरेचा घट्ट पाक लावूनही पेटते.

घोडबंदर_जुना: आमच्या घरी कधी थिजला नाही, एवढंच मला माहीत.

कोलशेतवाला: अहो भांडू नका. काचेची आहे, अर्धा किलो, दिवाळीत महाबळेश्वरहून आणलेला. मुंग्या लागतात म्हणून फ्रीजमध्ये होता. आईला खोकला आहे, वैद्यांनी सितोपलादी चूर्ण मधातून चाटवायला सांगितलंय, सकाळी द्यायचंय.

वाशी_सेक्टर९: हे आधी सांगायचं ना दादा! फ्रीजमुळेच झालंय, थंडीत रवे लवकर धरतात. आत्ता बाटली बाहेर काढून तासभर नुसती ठेवा, गार काच एकदम गरम पाण्यात घातली तर तडकेल. मग पातेल्यात तळाला फडकं, हात बुडवून ठेवता येईल इतकंच गरम पाणी, ४० ते ४५ अंश, गॅस बंद. पाणी निवलं की बदला. दोनेक तास लागतील. पाण्याचा थेंब आत जाऊ देऊ नका, मध आंबतो.

ऐरोली_वैद्यकन्या: औषधासाठी आहे तर गरम करूच नका, चरकसंहितेत तापवलेला मध वर्ज्य सांगितलाय. रवाळ मध तसाच वाटीत काढून चूर्ण घालून चमच्याच्या पाठीने घोटा, छान मिसळतं. मध खराब झालेला नाही.

वाशी_सेक्टर९: कोमट पाणी म्हणजे तापवणं नव्हे, पोळ्यातही ३५ अंशांच्या आसपास असतं.

ऐरोली_वैद्यकन्या: पण गरज नसताना कशाला?

मुलुंडचेकनाका: महाबळेश्वरला मांघरला गेलात का? मे २०२२ मध्ये ते मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आम्हाला जायचंय, राहायची सोय आहे का?

सानपाड्याची_आई: घरात बाळ असेल तर एक वर्षाच्या आत मध चाटवू नका, बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो. सासूबाईंनी बोटावर घेतलेला मी थांबवला होता.

कोलशेतवाला: बाळ नाहीये ताई. वैद्यकन्या, सकाळी दोन चमचे तसाच काढला, घोटताना आधी दाणे चमच्याखाली करकरले, मग लोण्यासारखं झालं. आईने न कुरकुरता चाटलं. उरलेली बाटली पाण्यात ठेवलीय, कडेने सोनेरी झालाय, तळाशी अजून पांढरा थर आहे. आता ठेवू कुठे, मुंग्यांचं काय करू?

वाशी_सेक्टर९: कपाटात, गॅसपासून लांब, झाकण घट्ट, चमचा कोरडा. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेतला ओलावा मध ओढून घेतो. मुंग्यांसाठी बशीत पाणी घालून मधोमध बाटली ठेवा.