मदत हवी आहे: वरुडच्या संत्रेवाल्या सासऱ्यांना खरी द्राक्षबाग आणि नांदूरमध्यमेश्वर दाखवायचंय

नमस्कार मंडळी,

आम्ही मूळचे विदर्भातले, नोकरीमुळे आता नाशिकला इंदिरानगरात राहतो. फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात माझे सासरे वरुडहून येतायत. आयुष्यभर संत्र्याची बाग केलेला माणूस, आता शेती मोठे दीर बघतात पण बाबांचा जीव अजून झाडातच अडकलेला असतो, फोन केला की आमची तब्येत विचारायच्या आधी तुमच्याकडं अवकाळी झाला का, द्राक्षाला लागला का हे विचारतात. यावेळी त्यांनी एकच सांगितलंय की मला द्राक्षाची बाग बघायची, शेतकऱ्याची, जिथं बागवाला स्वतः उभा राहून सांगेल अशी. वाईनरीची टूर त्यांना नकोय.

आणि माझी लेक पाचवीत आहे, तिला पक्ष्यांचं वेड लागलंय. गंगापूर धरणाच्या फुगवट्याला गेलो की वही घेऊन बसते, वारकरी, शेकाट्या, बगळे अशी चित्रं काढून खाली नाव, तारीख, पक्षी काय करत होता हे सगळं लिहिते. तिला नांदूरमध्यमेश्वरचं पक्षी अभयारण्य बघायचंय. दोन्ही गोष्टी निफाड तालुक्यातच असल्यामुळे एका दिवसात जमवावं असा विचार आहे, पण मला बागेतलं काहीच कळत नाही आणि अभयारण्यातलंही फारसं नाही, म्हणून माहीतगारांना विचारतेय.

मुख्य प्रश्न बागेचा. कोणाच्या बागेत असं जाता येतं का आणि जायचं तर कसं विचारायचं? फेब्रुवारी म्हणजे ऐन काढणी, वर्षभराचा पैसा त्या चार दिवसांत मोकळा व्हायचा असतो, मजूर, गाडी, व्यापारी सगळं एकदम, अशात आपण चार माणसं घेऊन उभं राहायचं हे मला बरं वाटत नाही. मागे आम्ही एका ठिकाणी तिकीट काढून 'बाग दर्शन' केलं होतं, पण मांडवाखाली फोटोच्या जागा सोडून काही नव्हतं आणि विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला एक माणूस नव्हता. बाबांना तसलं दाखवलं तर ते तोंडाने काही बोलणार नाहीत पण हिरमुसतील.

कारण त्यांचे प्रश्न खरंच आतले असतात. संत्र्याला बहार धरायचा म्हणजे पाणी बंद करून झाड ताणावर सोडायचं, पानं मलूल होऊन गळायला लागली की पाणी देऊन ताण तोडायचा, मग फुलोरा. हिवाळा संपताना फुलणारा आंबिया बहार की पावसाळ्यातला मृग बहार, हे सगळं पाण्यावर ठरतं. मी त्यांना सांगितलं की इकडं द्राक्षाला ते काम कात्री करते, एप्रिलला खरडछाटणी, त्यातून पुढच्या मालाची काडी तयार होते, मग ऑक्टोबरला फळछाटणी आणि त्याच काडीवर घड. तर ते थोडा वेळ गप्पच बसले आणि म्हणाले, "म्हंजे वर्षातून दोनदा वेल बोडका करतात? आन् तरी धरते?" तेव्हापासून रोज काहीतरी नवीन प्रश्न, मुळी किती खोल जाते, संत्र्याच्या खोडातून डिंक गळतो त्या डिंक्यासारखा रोग आहे का, मांडव किती वर्षं टिकतो. याची उत्तरं मला पुस्तकातून वाचून द्यायची नाहीत, त्यांना बागेतल्या माणसाकडून मिळावीत असं मनापासून वाटतं.

दुसरा प्रश्न, बाबांचे गुडघे दुखतात, सपाटीवर हळूहळू चालतात पण चढ आणि पायऱ्या नाही. अभयारण्यात कुठल्या बाजूने गेलं तर गाडीपासून फार न चालता पक्षी दिसतील? अंजनेरी आणि बोरगड मी त्याच कारणाने यादीतून काढलेत, लेकीला गिधाडं दाखवायची फार इच्छा आहे पण ते पुन्हा कधीतरी आम्ही दोघीच जाऊ.

तिसरं म्हणजे येवल्याकडचं ममदापूरचं काळवीट राखीव क्षेत्र त्याच दिवशी होईल का? आणि दुसऱ्या दिवशी शहरातच निवांत बसायला पांडवलेण्यांच्या पायथ्याचं नेहरू वनोद्यान कसं आहे, बाबांना झाडांची नावं वाचत फिरायला आवडतं.

प्रतिसाद (निफाडचा बागायतदार)

ताई, अवश्य आणा त्यांना. दुसऱ्या भागातला बागायतदार बाग बघायला येतो म्हटल्यावर आमच्याकडं कोणी नाही म्हणत नाही, उलट चहा पाजून वर दोन घड हातात देतील. फक्त आधी फोन करा आणि दुपारी अकरा-बाराच्या पुढं या. काढणी सकाळच्या गारव्यात असते, तेव्हा कोणाला मान वर करायला वेळ नसतो. ओळख नसेल तर गावातल्या कृषी सेवा केंद्रावर विचारा, कोणाची काढणी सुरू आहे, कोणाची बाग माल काढून खाली झाली हे त्याला पक्कं माहीत असतं. माझं मत विचाराल तर बाबांना अर्धी खाली झालेली बाग दाखवा, तिथं मालही दिसतो आणि मालक पण जरा मोकळा असतो.

एक्सपोर्टची बाग असेल तर आत सोडतीलच असं नाही. तिथं मालाचे रेसिड्यूचे, म्हणजे फवारणीच्या औषधाचा अंश तपासल्याचे रिपोर्ट झालेले असतात, हात धुणं, टोपी, नोंदवही सगळं पाळावं लागतं, त्याचा राग मानू नका. आत गेल्यावर घडाला हात लावू नका एवढंच पोरीला सांगून ठेवा. मण्यावर पांढरट भुकटीसारखा नैसर्गिक थर असतो, बोट लागलं की तेवढी जागा चकचकीत होते आणि मग तो माल व्यापाऱ्याला शिळा वाटतो. आमच्या बायका पण घड देठाला धरूनच कापतात, देठाला धरूनच फिरवून कात्रीने खराब मणी काढतात आणि तसाच क्रेटमध्ये ठेवतात. हे काम जवळून बघायला मिळालं तर बघा, बोटं कशी चालतात ते. आणि घरी खायला घेतलीत तर धुतल्याशिवाय पोरांना देऊ नका, कुठल्याही बागेतली असली तरी.

बाबांना सांगा आमच्याकडं डिंक्या नाही पण डाउनी आणि भुरी हे बुरशीचे रोग आहेत, ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा अवस्थेत, म्हणजे नवे कोंब फुटताना पाऊस झाला की डाउनीने झोप उडते. निफाडची थंडी तर माहीतच असेल, पारा फार खाली गेला की मणी तडकतात म्हणून पहाटे बागेत शेकोट्या करतो. त्यांना रूटस्टॉकवर, म्हणजे खालच्या खुंटावर भरलेलं कलम पण दाखवायला सांगा, डॉगरीजच्या खुंटावर थॉम्पसन द्राक्ष. खाली खोड एका जातीचं आणि वर दुसऱ्या, संत्र्याची कलमं जंबेरीवर बांधतात ना, त्यामुळे त्यांना लगेच उमजेल.

प्रतिसाद (पक्षीनिरीक्षक, नाशिकरोड)

नांदूरमध्यमेश्वर तुमच्या बाबांसाठी अगदी योग्य आहे, सगळा भाग सपाट आहे. चापडगावच्या बाजूने जा, तिथं निरीक्षण मनोरा आहे, तो चढला नाही तरी काठावर बसून भरपूर दिसतं, एक घडीची खुर्ची गाडीत टाका. वनखात्याच्या गेटवर गावातले गाइड मिळतात, त्यातला एक नक्की घ्या, आज कुठला पक्षी कुठल्या बाजूला बसलाय हे त्यांनाच माहीत असतं आणि त्यांच्याकडे बऱ्याचदा स्पॉटिंग स्कोप, म्हणजे स्टँडवरची मोठी दुर्बीण असते.

उजाडताना तिथं पोचा. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतून काही धड दिसत नाही. म्हणजे सकाळी अभयारण्य, दुपारी बाग, तुमचं दोन्ही आपोआप बसतं. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, जांभळी पाणकोंबडी, चमचे, मुग्धबलाक एवढे तरी मुलीच्या वहीत यायला हरकत नाही, भोवत्या हा शिकारी पक्षी पाणवनस्पतींवरून खालून खालून उडत आला की सगळी बदकं एकदम उठतात तेव्हा ओळखा. रोहित (फ्लेमिंगो) दिसतीलच असं मात्र तिला कबूल करू नका. सगळं पाण्याच्या पातळीवर आहे. पाणी उतरलेलं असेल तर चिखलाचे काठ उघडे पडतात आणि तुतारी, शेकाटे जवळ येतात, पाणी भरलेलं असेल तर बदकं जास्त.

बाबा शेतकरी आहेत तर त्यांना बंधारा पण दाखवा. इंग्रजांच्या काळात गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळ बांधला, डावा-उजवा कालवा इथूनच निघतो, कोपरगाव-राहात्याकडची बागायत त्यावर झाली. मागे गाळ साचत साचत उथळ पाणी आणि बेटं तयार झाली, त्यात पाणवनस्पती वाढल्या आणि पक्षी आले. १९८६ साली अभयारण्य, २०२० साली राज्यातली पहिली रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. माणसाने पाण्यासाठी बांधलेल्या गोष्टीतून एवढं उभं राहिलं, मला दरवेळी याचंच अप्रूप वाटतं.

ममदापूर त्याच दिवशी नको. ते येवल्याच्याही पुढं आहे, माळरान आहे, काळवीट सकाळ-संध्याकाळी चरायला निघतात, दुपारी गेलात तर ऊन खाऊन परत याल. वेगळा दिवस काढा.

प्रतिसाद (सटाण्याहून)

बाबांना फळबागाच बघायच्या असतील तर एक दिवस कसमादेकडं (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पण या. डाळिंबाला ताण देऊनच बहार धरतात, संत्र्यासारखंच, मृग, हस्त, आंबे असे तीन बहार, त्यामुळे त्यांना बोलायला खूप सापडेल. तेल्या रोगाने बऱ्याच जणांच्या डाळिंबाच्या बागा गेल्या, काहींनी नेटाने पुन्हा लावल्या, त्यांच्याशी बोलणं व्हायला पाहिजे. आणि द्राक्षात आमच्या बागलाणला (सटाणा तालुक्यात) अर्ली, म्हणजे लवकरची छाटणी असते, आमचा माल तुमच्या फेब्रुवारीच्या आधीच संपलेला असेल, तेव्हा द्राक्षाला निफाडच बरोबर.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार! रात्री बाबांना फोनवर सगळं वाचून दाखवलं, डॉगरीज आणि जंबेरीचं ऐकल्यावर ते इतके खूश झाले की येताना बागेवाल्यांसाठी मृग बहाराची संत्री आणतो म्हणाले. ठरलं मग, पहाटे चापडगाव, दुपारी बाग, ममदापूर आणि सटाणा नंतर. निफाडच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे कृषी सेवा केंद्रावर शनिवारी जाऊन येते. एकच राहिलं, पहाटे थंडी किती असते आणि लेकीसाठी दुर्बीण घ्यायची तर कुठली घेऊ, ८x४२ म्हणतात ती (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) जड होईल का?

प्रतिसाद (पक्षीनिरीक्षक, नाशिकरोड)

कानटोपी, स्वेटर लागणारच, पाण्याकाठी वारा बोचतो. पाचवीच्या मुलीला ८x४२ गळ्यात जड होते, ८x३२ बघा. लगेच विकत घेऊ नका, माझ्याकडे एक आहे, जायच्या आदल्या दिवशी घेऊन जा आणि तिला ती झेपतेय का बघा.