मदत हवी आहे: कॉप्टिक पद्धतीच्या हाडाच्या पट्टीत रंगीत मेण भरताना डाग

इजिप्तमध्ये साधारण चौथ्या ते सहाव्या शतकात, म्हणजे कॉप्टिक (तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या) कलेच्या काळात, लाकडी पेट्यांवर कोरलेल्या हाडाच्या पट्ट्या जडवत. काहींवर नक्षी उठावात असे, काहींवर नुसत्या रेषा कोरून त्यांत रंगीत मेण भरलेले असे. त्या दुसऱ्या प्रकारची एक नर्तकी मी म्हशीच्या नळीच्या हाडावर करतोय. पट्टी १० बाय ३ सेंमी, जाडी जेमतेम ३ मिमी. (हस्तिदंत नाही, तो विषयच नको.)

कोरीव काम जमलं. अडलंय ते मेणात. मधमाशीच्या मेणात थोडी राळ वितळवून एका वाटीत गेरू, दुसरीत काजळी घातली. कोमट असताना रेषांत भरलं आणि थंड झाल्यावर ब्लेडने खरवडलं. लाल स्वच्छ बसला. काळा मात्र हाडाच्या बारीक छिद्रांत शिरला आणि पदराच्या चुण्यांभोवती राखाडी छटा उरली. पॉलिश पेपर घासून बघितला, तर डाग हटेना आणि रेषाच उथळ झाल्या.

हाड न उकळता साबणाच्या पाण्यात आणि मग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवलं होतं, तेलकटपणा अजिबात नाही. इपॉक्सी किंवा अ‍ॅक्रिलिक सुचवू नका, जुन्या साहित्यातच करायचंय.

कोरण्याआधी पृष्ठभागावर पातळ सरस किंवा चपड्याचा (लाखेचा) हात दिला तर छिद्रं बुजतील का, आणि मग खरवडताना तो थर मेणासकट रेषेतून उखडून तर येणार नाही ना?