जुन्या मनगटी घड्याळांचे तुम्ही काय केले? कृपया आपले अनुभव सांगावेत

परवा कपाट भिंतीपासून सरकवताना वरच्या कप्प्यातला पत्र्याचा डबा हलला आणि आतून टिकटिक ऐकू आली. डबा उघडेपर्यंत ती थांबलीही होती. ते वडिलांचे चावीचे घड्याळ होते. त्याच्या आतल्या स्प्रिंगमध्ये इतक्या वर्षांनंतरही थोडा ताण उरलेला असणार आणि धक्क्याने चक्र काही क्षण फिरले असणार, हे मला कळत होते. तरीही मी ते घड्याळ हातात धरून बराच वेळ तिथेच बसून राहिले. वडील रोज सकाळी दाढी आटोपली की आरशासमोर उभ्या-उभ्याच त्याला चावी देत असत आणि आम्हा भावंडांना जाग यायची ती त्या करकर आवाजाने.

डब्यात एकूण सहा घड्याळे आहेत. वडिलांचे हे एक. आईचे नखाएवढ्या तबकडीचे सोनेरी. सेलवर चालणारी दोन, जी आता बंद आहेत. धाकट्या भावाचे शाळेतले डिजिटल. आणि आजोबांचे एक, ज्याच्या काळ्या तबकडीवरचे आकडे पूर्वी अंधारात हिरवट चमकत असत, पण आता नुसते तपकिरी दिसतात. ही घड्याळे घरातल्या कुणालाही टाकवत नाहीत आणि कुणी वापरतही नाही. ती दुरुस्त करावीत, वाटून द्यावीत, विकावीत की आहेत तशीच ठेवावीत, याचा निर्णय मला या महिन्यात घ्यायचा आहे. ज्यांनी असा निर्णय घेतला आहे त्यांनी तो कसा घेतला आणि पुढे त्याचे समाधान वाटले की पश्चात्ताप झाला, हे लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद १

बाकीचा निर्णय सावकाश घ्या, पण बंद पडलेल्या सेलच्या घड्याळांमधले सेल आजच काढून घ्या. माझ्या सासऱ्यांचे घड्याळ आम्ही सात-आठ वर्षे तसेच ठेवले होते. उघडले तेव्हा सेल पाझरून आतली तारेची गुंडाळी आणि सर्किट पूर्ण गंजलेले निघाले. काढलेले सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. असा सेल गिळला गेला तर दोन तासांच्या आतही अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते. डिजिटल घड्याळही विसरू नका.

प्रतिसाद २

वडिलांचे घड्याळ हलवल्यावर चालले, म्हणून ते ठीक आहे असे समजून रोज वापरायला सुरुवात करू नका. मी नेमके तेच केले होते. आईच्या मामांचे घड्याळ माझ्याकडे आले, चावी दिली, ते चालू लागले आणि मी तीन वर्षे ते अभिमानाने मनगटावर वागवले. प्रथम ते दिवसाला दोन मिनिटे मागे पडू लागले, नंतर दहा, आणि एके दिवशी बंद पडले. घड्याळजींनी भिंगातून मला आतला भाग दाखवला. तेल केव्हाच वाळून गेले होते आणि चक्राच्या आसाची केसाएवढी टोके घासून बोथट झाली होती. जुन्या चावीच्या घड्याळांमध्ये सर्रास आढळणारा वेग तासाला १८,००० ठोक्यांचा असतो, म्हणजे दिवसाला ४,३२,००० ठोके. इतके ठोके कोरड्या धातूवर रोज पडत राहिले तर काय होणार, हे तेव्हा मला कुणी समजावले असते तर फार बरे झाले असते. आधी साफसफाई आणि ऑइलिंग करून घ्यावे, मगच वापरावे. माझ्या घड्याळाला त्याच जातीच्या दुसऱ्या बंद घड्याळातला आस बसवावा लागला आणि तो मिळेपर्यंत चौदा महिने गेले.

प्रतिसाद ३

आजोबांच्या घड्याळाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण तपकिरी आकडे हा तपशील वाचून मला काळजी वाटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून साधारण १९६० च्या दशकापर्यंत अंधारात चमकणाऱ्या अनेक तबकड्यांच्या रंगात रेडियम हे किरणोत्सर्गी मूलद्रव्य मिसळलेले असे. कालांतराने त्या रंगातले प्रत्यक्ष चमकणारे झिंक सल्फाइड निकामी होते, त्यामुळे चमक जाते. रेडियम मात्र तिथेच राहते, कारण त्याचा अर्धायुकाल, म्हणजे ते निम्मे उरायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षे आहे. आकडे चमकत नाहीत म्हणून धोका संपला, हा समज चुकीचा आहे.

मी स्वतः माझ्या आजोबांच्या घड्याळाची काच काढून तबकडी ब्रशने पुसली होती. हा वाळलेला रंग ठिसूळ होतो, त्याची धूळ श्वासावाटे किंवा तोंडावाटे शरीरात जाण्याचाच खरा धोका असतो, हे मला नंतर कळले आणि पुढचे काही दिवस मी अतिशय अस्वस्थ होते. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज इथल्या कारखान्यात तबकड्या रंगवणाऱ्या मुलींना ब्रशला टोक आणण्यासाठी तो ओठांत धरायला शिकवले जात असे. त्यांच्यातल्या कित्येकींना जबड्याच्या हाडांचे भयंकर विकार झाले, काहींचा त्यात मृत्यू झाला, आणि पाच जणींनी लढवलेल्या खटल्यात १९२८ मध्ये तडजोड झाली. ती हकिकत वाचल्यापासून मला त्या हिरव्या चमकेकडे पूर्वीसारखे पाहता आलेले नाही.

तबकडीच्या तळाशी रोमन 'टी' हे अक्षर दिसते का, ते पाहा. ते असेल तर रंगात ट्रिटियम हा दुसरा किरणोत्सर्गी पदार्थ आहे. त्याचा अर्धायुकाल सुमारे १२.३ वर्षांचाच असल्याने जुन्या घड्याळात ते फारसे उरलेले नसते. अक्षर नसेल आणि घड्याळ १९६० च्या आधीचे असेल, तर ते रेडियमचे आहे असे धरून चालावे. ते उघडू नये, उशाशी ठेवू नये, बंद खोक्यात कोंडण्याऐवजी हवा खेळती असलेल्या जागी ठेवावे, आणि दुरुस्तीला दिलेच तर घड्याळजींना आधी सांगावे. मी आमचे घड्याळ विकले नाही, कारण पुढच्या माणसाला हे माहीत असेल याची मला खात्री वाटेना.

प्रतिसाद ४

वरचा प्रतिसाद वाचून लगेच उठून वडिलांच्या घड्याळाची तबकडी पाहिली. 'टी' आहे. मनापासून आभार.

प्रतिसाद ५

आम्ही तिघे भावंडे आणि वडिलांचे घड्याळ एकच. विकून पैसे वाटून घेण्याचा विचार कुणाच्याच मनात आला नाही, पण ते कुणाकडे राहावे यावर दोन वर्षे अवघडलेपण होते. शेवटी बहिणीने सुचवले की एकेक वर्ष एकेकाकडे राहावे. खोक्यात एक छोटी वही ठेवली आहे. ज्याच्याकडे घड्याळ असेल त्याने दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ते किती मिनिटे पुढे किंवा मागे आहे याची नोंद करायची. आता त्या वहीत अकरा वर्षांच्या नोंदी आहेत आणि भावाच्या एका वर्षात सहा महिने रिकामे आहेत, कारण तेव्हा तो रुग्णालयात होता. पुढच्या पिढीला घड्याळ हवे असेल की वही, हे सांगता येत नाही.

प्रतिसाद ६

आईच्या घड्याळाबद्दल लिहावेसे वाटते. सोनेरी दिसणारे प्रत्येक घड्याळ सोन्याचे नसते. बहुतेकांवर काही मायक्रॉन जाडीचा मुलामाच असतो आणि मागचे झाकण स्टीलचे असते. केसच्या, म्हणजे बाहेरच्या कवचाच्या, आतल्या बाजूला ७५० असा शिक्का असेल तर ते अठरा कॅरटचे, म्हणजे पंचाहत्तर टक्के सोन्याचे आहे. माझ्या आत्याचे घड्याळ खरोखर सोन्याचे निघाले आणि आम्ही ते वितळवायला दिले. सोने हातात आले तेव्हा ते अगदीच थोडे होते. आतले मशीन एका कागदात गुंडाळून परत मिळाले. ते नाजूक, चालू स्थितीतले मशीन होते आणि आता त्याला घर नव्हते. तो कागद मी अजून उघडू शकलेले नाही. मी आपणास असे करू नका एवढेच सांगेन.

आणि मशीनवर '१७ ज्वेल्स', म्हणजे आत सतरा माणके, असे लिहिलेले असेल तर त्या माणकांना वेगळी किंमत येत नाही. ऑग्यूस्त व्हर्न्यूई यांनी कृत्रिम माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये प्रसिद्ध केली आणि तेव्हापासून घड्याळांतले खडे कृत्रिमच वापरले जाऊ लागले. घर्षण कमी करणे हे त्यांचे काम, आणि ते काम अर्थातच मोलाचे आहे.

प्रतिसाद ७

सेलच्या घड्याळांना कमी लेखू नये, अशी माझी मनापासूनची विनंती आहे. चावीच्या घड्याळाला आठवणींचा मान मिळतो आणि सेलचे घड्याळ थेट कचऱ्यात जाते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे. सेको कंपनीचे ॲस्ट्रॉन हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत विक्रीला आले. म्हणजे हे तंत्रसुद्धा आता दोन पिढ्यांचे झाले. आतला क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्या संख्येचे पंधरा वेळा निम्मे केले की बरोबर एक उरतो, आणि त्या एका ठोक्यावर सेकंदकाटा पुढे सरकतो. माझ्या मोठ्या भावाने पहिल्या पगारात घेतलेले घड्याळ असेच होते. त्याचे सर्किट गेले होते. घड्याळजींनी त्याच मापाचे नवे मशीन घालून तबकडी आणि काटे जुनेच ठेवले. तबकडीचे मागचे खुंट आणि काट्यांची भोके जुळली, म्हणून हे शक्य झाले. आत सगळे नवे असले तरी भावाने ज्याच्याकडे पाहून गाड्या पकडल्या, ते तोंड तेच आहे, आणि मला तेवढे पुरते.

प्रतिसाद ८

जुने सेलवाले प्रत्येक घड्याळ क्वार्ट्झच असेल असे नाही, हेही लक्षात ठेवावे. माझ्या काकांचे बुलोवा ॲक्युट्रॉन आहे. १९६० मध्ये आलेल्या त्या घड्याळात सेकंदाला ३६० कंपने करणारा नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) असतो, त्यामुळे ते टिकटिक न करता गुणगुणते. ते १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलसाठी बनवलेले होते. हल्लीचे सेल १.५५ व्होल्टचे असतात, म्हणून जाणकाराकडून ते जुळवून घ्यावे लागले. रात्री कानाशी धरले की अजून ऐकू येते.

प्रतिसाद ९

माझा निर्णय इतरांपेक्षा वेगळा होता, म्हणून लिहितो. आमच्याकडे नऊ घड्याळे होती. एक मी ठेवले, एक मुलीला दिले, आणि उरलेली सात बंद घड्याळे घड्याळदुरुस्ती शिकणाऱ्या एका तरुणाला देऊन टाकली. देताना मला अपराधी वाटत होते. दोन महिन्यांनी त्याने मला बोलावून एक पेटी दाखवली. प्रत्येक घड्याळाचे भाग वेगळ्या डबीत, स्वच्छ करून, खुणेच्या चिठ्ठीसह मांडलेले होते. चाव्या, स्प्रिंगा, चक्रे, काटे आणि सुईच्या टोकाएवढे स्क्रू. त्यातला एक आस तेव्हा दुसऱ्या कुणाच्या तरी वडिलांच्या घड्याळात बसला होता. दुसऱ्या क्रमांकाच्या प्रतिसादात चौदा महिने गेल्याचे वाचले आणि पुन्हा तेच मनात आले, की बंद घड्याळ खणात पडून राहते तेव्हा कुणीतरी त्यातल्याच एका भागाची वाट पाहत असते. ज्या घड्याळांशी आपली काही आठवण जोडलेली नाही, ती अवश्य अशा हातांत द्यावीत.

विकायची असतील तर मात्र आधी चकचकीत करू नका. तबकडी नव्याने रंगवली किंवा केस घासून कडा गोल केल्या की संग्राहक ते घड्याळ बाजूला ठेवतात.

प्रतिसाद १०

एक लहानशी भर. घड्याळ अचानक दिवसाला पंधरा-वीस मिनिटे पुढे जाऊ लागले तर ते बिघडले असे समजून देऊन टाकू नका. माझे असेच झाले होते. स्पीकरच्या शेजारी ठेवल्याने केसासारख्या बारीक स्प्रिंगमध्ये चुंबकत्व आले होते आणि तिची वेटोळी एकमेकांना चिकटत होती. घड्याळजींनी ते एका छोट्या यंत्रावर धरले आणि काही सेकंदांत ते पूर्ववत झाले.

धागालेखिका

सर्वांचे मनापासून आभार. सेल काल रात्रीच काढले. एक पाझरायला लागलेलाच होता, त्यामुळे प्रतिसाद १ ने ते घड्याळ वाचवले असे म्हणावे लागेल. आजोबांच्या तबकडीवर 'टी' नाही. ते कुणी उघडू नये अशी चिठ्ठी जोडून ते मी खिडकीजवळच्या उघड्या फळीवर ठेवले आहे. आईचे घड्याळ मुलामा दिलेलेच निघाले आणि मला त्याचे बरे वाटले, कारण आता ते वितळवण्याचा विषयच संपला. ते माझ्या भाचीने मागितले आहे. इतके छोटे मशीन वेळेला फारसे अचूक राहणार नाही, असे तिला सांगितले. तिला ते वेळ पाहण्यासाठी नकोच आहे. डिजिटल भावाकडे परत जाईल. सेलच्या दोन घड्याळांपैकी एकाचा मालक कोण, हे घरात कुणालाच आठवत नाही, म्हणून ते शिकणाऱ्या एखाद्या हाताला द्यायचे ठरवले आहे.

वडिलांचे घड्याळ मी स्वतः वापरणार आहे आणि ते साफसफाईला दिले आहे. एकच प्रश्न उरला. त्याचा चामड्याचा पट्टा तडकला आहे, पण त्यातले तिसरे भोक वडिलांच्या वापराने लांबट झालेले आहे. पट्टा बदलावा का?

प्रतिसाद ९

बदलावाच लागेल. तडकलेला पट्टा कधीही तुटतो आणि घड्याळ जमिनीवर पडते. जुना पट्टा पिन काढून जपून ठेवा आणि त्याचे बक्कल नव्या पट्ट्याला लावून घ्या. त्यासाठी दोन मापे लागतील. एक घड्याळाच्या दोन शिंगांमधले, म्हणजे पट्टा जिथे बसतो तिथले, आणि दुसरे बक्कलजवळचे, कारण पट्टा बहुधा खाली निमुळता होतो. फार जुन्या घड्याळांत पिन निघत नाही, दांडी केसलाच जोडलेली असते. तसे असेल तर उघड्या टोकाचा पट्टा मागावा.

धागालेखिका

पिन निघाली. वर १८ मिलिमीटर आणि बक्कलपाशी १६ भरले. नव्या पट्ट्याला भोके पाडताना जुना पट्टा शेजारी ठेवून तिसरे भोक त्याच अंतरावर घ्या, असे मी पट्टा करून देणाऱ्यांना सांगून आले आहे.