चॅरिटी शो, रात्रीच्या तालमी आणि 'घर कोण बघतंय?'

तिसरी_घंटा

परवा इथे एका काकांनी लिहिलं होतं की चॅरिटी शो म्हणजे हौसेला समाजसेवेचं लेबल, दोन-दोन महिने आईबाप तालमीला, पोरं मोबाईलवर, म्हातारे जेवायचे थांबलेले, आणि शेवटी खर्च वजा जाता हातात चिल्लर, त्यापेक्षा घरी बसून चेक फाडा. खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. तिथेच उत्तर द्यायला बसले होते, लांबत गेलं म्हणून वेगळा धागा काढतेय.

मी डोंबिवलीची, नोकरी फोर्टात, म्हणजे लोकलमध्ये दिवसाचा किती वेळ जातो ते इथल्यांना सांगायला नको. यंदा आमच्या ग्रुपने डायलिसिसच्या पेशंटांसाठी दोन अंकी नाटक बसवलं. तालमी रात्री नऊनंतर सोसायटीच्या हॉलमध्ये, आणि हॉलला बारसं-साखरपुडा असला की गच्चीवर, डासांच्या सोबतीने. मुलगा आठवीत आहे. त्याचं गणित मी सकाळी पोळ्या लाटता लाटता घ्यायचे, आणि नवऱ्याला कुकर लावता येतो हा शोध आमच्या घरात याच नाटकामुळे लागला.

आता काकांना माझा प्रश्न. आमच्या बिल्डिंगमधले पुरुष वर्षानुवर्षं रविवारी सकाळी बॉक्स क्रिकेटला जातात, तिथून मिसळ, तिथून गप्पा, एक वाजता घरी येऊन आडवे. त्यांना कधी कोणी विचारलंय का घर कोण बघतंय म्हणून?

आणि लेबलाचं म्हणाल तर हो, लावतो आम्ही लेबल. "मला नाटक करायचंय" असं म्हटलं असतं तर सासूबाईंनी टीव्हीचा आवाज वाढवला असता. "पेशंटांसाठी आहे" म्हटल्यावर त्याच सासूबाईंनी भजनी मंडळात तिकिटं खपवली. चाळिशीतल्या बाईला नुसती हौस म्हणून रात्री नऊला घराबाहेर पडता येत नाही अजून, पुण्यकर्माचं निमित्त लागतं. ते निमित्त आम्हाला शोधायला लावायचं आणि मग तुम्हीच ओरडायचं की बघा कशी लेबलं लावतात, हे कुठलं लॉजिक?

चेक मी फाडतेच हो. पण आमच्या प्रेक्षकांतल्या कित्येकांना डायलिसिस म्हणजे एकदा केलं की झालं असं वाटत होतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दर वेळी चारेक तास मशीनला, आणि सोबतच्या माणसाचाही तेवढाच खाडा, हे त्यांना मध्यंतरात कळलं. चेकमधून हे कळत नाही.

रोखठोक_काका

ते काका म्हणजे अस्मादिक. आधी एक, मी बायकांबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, आईबाप असं लिहिलंय, चष्मा लावून परत वाचा. आणि बॉक्स क्रिकेटवाले स्वतःला समाजसेवक म्हणवत नाहीत, खेळतात, ढोपर फोडून घेतात, घरी येतात. तुम्ही मात्र हौस करणार आणि वर शाल-श्रीफळही घेणार.

माझा राग कुठून येतो ते सांगतो. आमचे धाकटे बंधू हौशी नट. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी साहेबांची रंगीत तालीम. "दादा तू आहेसच ना." हो, दादा आहेच! दादा रजा टाकून बाकावर, दादा दर दोन तासांनी डोळ्यात ड्रॉप घालतोय, आणि पुढच्या रविवारी हा स्टेजवर माईक हातात घेऊन ज्येष्ठांच्या सेवेवर बोलतोय, कारण प्रयोग वृद्धाश्रमाच्या मदतीसाठी होता!! पहिल्या रांगेत आमचे वडील, एका डोळ्याला हिरवा चष्मा, कौतुकाने टाळ्या वाजवतायत. मी काय बोलणार त्यावर.

हिशेबनीस

भावना बाजूला ठेवा, आकडेमोडीवर या. मी अशा ग्रुपांची खजिनदारी केलेली आहे आणि शेवटी हात जोडून सोडली आहे.

नाट्यगृहाचं भाडं आणि डिपॉझिट, लाईटवाला, म्युझिक ऑपरेटर, सेटचा टेम्पो आणि तो चढवणारी-उतरवणारी पोरं, मेकअपदादा, कपडेपट, परिनिरीक्षण मंडळाचं (म्हणजे नाटकाच्या सेन्सॉरचं) सर्टिफिकेट, लेखकाची परवानगी आणि मानधन (चॅरिटी आहे हो म्हणून हे बुडवायचं असा आपल्याकडे प्रघात आहे, जणू लेखक पेशंटांचं काही देणं लागतो), रोजचे चहा-वडे. तिकीटविक्रीतून एवढं निघालं तरी देवाला नारळ. मदतीची खरी रक्कम येते स्मरणिकेच्या जाहिरातींतून, आणि जाहिरात देणारा बिल्डर किंवा ज्वेलर प्रयोगाला फिरकतही नाही. म्हणजे नाटक झालं नसतं तरी त्याने दिलेच असते.

पुढचं दुखणं पासेस. नगरसेवकांना पास, सेक्रेटरीला सहकुटुंब पास, हॉलच्या मॅनेजरच्या मेव्हण्याला पास. पहिल्या तीन रांगा फुकट्यांच्या आणि पैसे मोजणारा बाल्कनीत. त्यात काही महाभाग तिकिटावर 80जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, पावती मागतात. अहो तिकीट म्हणजे देणगी नव्हे, बदल्यात नाटक बघितलंत ना तुम्ही! तिकिटं 500च्या वर का ठेवत नाही असंही भांडतात. 500पर्यंतच्या नाट्यप्रयोगाच्या तिकिटाला जीएसटी नाही, वर गेलं की आणखी एक रजिस्टर. ते कोण सांभाळणार, तुमचा हिरो?

तिसरी_घंटा

@हिशेबनीस आमचा खर्च आम्ही कलाकारांनी आपसात वर्गणी काढून केला, तिकिटाचा पैसा अख्खा पेशंटांना गेला. लेखकाचं मानधन आधी पोचवलं, मग तालमी सुरू केल्या. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका.

@काका तुमच्या भावाचं वागणं वाईटच. पण ते भावाचं, नाटकाचं नव्हे. तालीम नसती तर ट्रेकला गेला असता.

हिशेबनीस

मग ती वर्गणीच थेट द्यायची. तिकिटाचे अधिक वर्गणीचे, डबल रक्कम गेली असती. बेरीज आहे साधी.

तिसरी_घंटा

आणि तिकिटं कशाची विकली असती, माझ्या चेहऱ्याची?

विंगेतून

सगळे मिळून घर-घर काय करताय. रंगभूमी म्हणजे काय ते ज्याला कळतं तो असले हिशेब करत नाही. मानापमानचा पहिला प्रयोग, 12 मार्च 1911, बालगंधर्वांची लहान मुलगी त्याच दिवशी गेली आणि तरीही रात्री ते नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. गंधर्व कंपनी ही अशी उभी राहिली. आणि आपण इथे मोतीबिंदूवर रडतोय.

रोखठोक_काका

जरा तोंड सांभाळून. माझ्या वडिलांच्या डोळ्याची चेष्टा करायला तुम्हाला कोणी बोलावलं नाही.

आणि बालगंधर्वांचं उदाहरण दर वेळी पदरात घालता, कधी विचार केलाय का त्या घरातल्या बाईने तो दिवस कसा काढला असेल? तिच्यासाठी कुठल्या थिएटरात टाळ्या वाजल्या?

कारकून_कम_संशोधक

किरकोळ दुरुस्ती. 1911 साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळीत होते. गंधर्व नाटक मंडळी निघाली 1913ला. त्यामुळे "गंधर्व कंपनी अशी उभी राहिली" हे साफ चूक.

विंगेतून

ठीक आहे किर्लोस्कर. मुद्दा तोच राहतो.

कारकून_कम_संशोधक

राहत नाही. किर्लोस्कर मंडळी व्यावसायिक, नवं नाटक, नाव जाहीर झालेलं, तिकिटं गेलेली, मंडळीतल्या सगळ्या बिऱ्हाडाचं पोट त्या रात्रीवर. सोसायटीच्या हॉलात हौसेने नाटक करणाऱ्याने तो दाखला देणं म्हणजे टेकडी चढून एव्हरेस्टच्या गप्पा.

रंकाळ्याकाठी

मदतीच्या प्रयोगावर बोलताय आणि संयुक्त मानापमान कुणालाच आठवंना होय? 8 जुलै 1921, मुंबई, टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव भोसले नायक धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोघांच्या दोन कंपन्यांची एकमेकांशी चुरस, तरी एका स्टेजवर आली की नाही माणसं? आणि त्याच साली 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. त्यांच्या नावाचं आमचं कोल्हापूरचं नाट्यगृह, शाहू महाराजांनी बांधलेलं, 8 ऑगस्ट 2024च्या रात्री जळालं, दुसऱ्या दिवशी त्यांची जयंती. गावातली मोठी मोठी माणसं रस्त्यावर उभी राहून ढसाढसा रडली. त्याच स्टेजवर आम्ही राज्य नाट्य स्पर्धेची पहिली एंट्री घेतलेली. हौशी म्हणून हिणवायचं काम नाही.

विंगेतून

धन्यवाद! हेच म्हणत होतो मी.

कारकून_कम_संशोधक

तुम्ही हे म्हणत नव्हतात. आणि संयुक्त मानापमान करणारेही पट्टीचे व्यावसायिकच होते, त्यांची नावं होती म्हणून लोकांनी पैसे मोजले. म्हणजे उदाहरण हिशेबनीसांच्या बाजूने जातं.

रंकाळ्याकाठी

तुमच्या बाजूंचं काय करायचं ते करा. केशवराव भोसले हे नाव काढलं की आमच्याकडं उठून उभं राहतात एवढंच सांगतो.

परदेशी_पाहुणी

इकडे न्यू जर्सीत आमच्या तालमी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये होतात, मुलं तिथेच स्लीपिंग बॅगमध्ये झोपतात, जेवण पॉटलक. आजी-आजोबा हाताशी नसतात आणि बेबीसिटर तासावर पैसे घेते त्यामुळे मुलांना बरोबर नेण्यावाचून पर्यायच नाही. पण फायदा असा की माझ्या लेकीचं मराठी शनिवारच्या शाळेपेक्षा तालमीत जास्त सुधारलं. शिव्यांसकट. तुम्ही लोक मुलांना तालमीला का नेत नाही?

हिशेबनीस

दर धाग्यात बेसमेंट. इकडे वन बीएचके आहे मॅडम.

परदेशी_पाहुणी

अहो सोसायटीचा हॉल आहे असं त्यांनीच लिहिलंय वर. टोमणा मारण्याआधी वाचत चला.

नटाची_बायको

नाव मुद्दाम हे घेतलंय. इतका वेळ वाचतेय, या धाग्यावर बहुतेक सगळे स्टेजवरचे नाहीतर खुर्चीतले बोलतायत. मी दोन्हीकडची नाही. मी घरातली.

आमचे हे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या मदतीच्या प्रयोगात असतात. मला त्यांचं काम आवडतं, खोटं नाही सांगत, विनोदाचं टायमिंग फार सुंदर आहे. पाठांतर मीच घेते. ओट्याशी उभी राहून डाव्या हातात संहिता, पानांना हळदीचे डाग, समोरच्या पात्राची वाक्यं मी म्हणायची, मग ते बायकोचं पात्र असो की इन्स्पेक्टरचं. एकदा भाजीवाल्याला मी तंद्रीत इन्स्पेक्टरच्या आवाजात "काल रात्री कुठे होतास" विचारलं होतं. त्यामुळे नाटकाशी माझं वैर नाही.

पण मला वेळेचं बोलायचंय आणि ते कोणी बोलत नाहीये. तालीम नऊची म्हणतात. नऊला पोचतात दोघं, तिसरा "निघालोय" असा मेसेज टाकतो, तो अजून आंघोळीला असतो. दहाला सुरुवात. साडेअकराला संपते. आणि मग खाली स्कूटरींना टेकून कट्टा सुरू होतो तो एक वाजेपर्यंत. कुणाची एंट्री चुकली, 2008 साली कोण कसा पडला, अमक्या स्पर्धेत परीक्षकांनी कसं डावललं. घर कशाने हलत असेल तर त्या कट्ट्याने. मुलीला ताप असताना मी फोन केला तर "अगं तालीम चालू आहे" म्हणाले आणि मागून हसण्याचे आवाज, आणि कटिंगवाल्याची हाक. तालीम चालू होती म्हणे.

प्रयोगाच्या दिवशी निवेदक सांगतो, "कलाकारांच्या कुटुंबीयांचेही आभार." आम्ही तिकीट काढून बसलेलो, स्वतःसाठीच टाळ्या वाजवतो. हिशेबनीस, तुमच्या यादीत मेव्हण्याला पास आहे, बायकोला पास लिहिलेला दिसला नाही.

तिसरी_घंटा ताई, तुमचं निमित्ताचं म्हणणं मला अगदी पटलं. फक्त एक सांगा, तुमच्या तालमीनंतर बायका कट्ट्यावर थांबतात का?

तिसरी_घंटा

नाही थांबत. आम्हाला सकाळचा डबा असतो. पुरुष थांबतात. आणि पुढच्या अंकातले बदल तिथेच ठरतात, आम्हाला दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कळतात. हे लिहिताना परत डोकं फिरलं माझं.

विंगेतून

कट्ट्याशिवाय टीम बनत नाही. तीच खरी तालीम असते, हे बाहेरच्यांना कळणार नाही.

नटाची_बायको

बरं. मग माझी पण एक टीम आहे, तीन जणांची, त्यातला एक मेंबर रात्री एकला येतो.

रोखठोक_काका

नटाची_बायको, तुमच्या पोस्टला मनापासून सलाम. मी जे चार ओळींत खवचटपणे लिहिलं ते तुम्ही नीट मांडलंत. तिसरी_घंटा बाईंना एवढंच कबूल करतो की पेशंटांना अख्खा पैसा पोचवणारा ग्रुप या भूतलावर आहे हे मला आज समजलं, संग्रहालयात ठेवायला हवा. आणि बाईमाणसाला निमित्त लागतं हेही खरं असेल, आमच्या सौ. वाचून "खरंच आहे" म्हणाल्या आणि आत गेल्या, तेव्हापासून चहा आलेला नाही.

भावाचं मात्र मी विसरणार नाही.

तिसरी_घंटा

सलाम त्यांना आणि टोमणे मला, चालायचंच. चहा स्वतः करून घ्या काका, आणि सौं.चाही टाका. पुढच्या प्रयोगाला त्यांना पाठवा, कामच देते. एका आत्याचा रोल रिकामा आहे.

हिशेबनीस

पाठवा पण तिकीट काढून. पास नाही.

नटाची_बायको

तालीम नऊला सुरू, अकराला हॉलला कुलूप, असं आधी ग्रुपवर टाकाल तर मीही येते. यांना घरी ठेवून.

तिसरी_घंटा

टाकते. पण किल्ली सेक्रेटरींकडे असते आणि ते नाटकात माझ्या सासऱ्यांचं काम करतात, दहाच्या आत येत नाहीत.

कारकून_कम_संशोधक

विंगेतून, किर्लोस्करांबद्दल उत्तर राहिलंय तुमचं.