मॅक मिनी घ्यावा, लिनक्स टाकावं, की विंडोजवरच राहावं? (डीटीपी, कोल्हापूर)

लक्ष्मीपुरी_डीटीपी

नमस्कार. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, हँडबिलं ही वर्षभराची कामं. पण दुकान खरं तरतं ते दूध संस्था, विकास सोसायट्या आणि पतसंस्थांच्या वार्षिक अहवालांवर. सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, त्यामुळे ऑगस्ट लागला की सगळे सचिव एकदम दारात. हातात ताळेबंद, आणि "ताई, उद्या प्रूफ पाहिजे."

दोन मशीन आहेत, दोन्ही सहाव्या पिढीचे आय-फाइव्ह, विंडोज १० वाले. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणून दोन्ही मशीन नापास. आमच्याकडे दिवसभर परक्या लोकांचे पेनड्राइव्ह लागतात. सभासदांच्या याद्या, ठेवींचे आकडे, आधार कार्डांचे फोटो या मशीनवर असतात. लोक विश्वासानं देतात, म्हणून बिनअपडेटचं मशीन नेटला जोडून ठेवणं मला अजिबात पटत नाही.

भाचा पुण्यात असतो. तो म्हणतो, "मावशी, सरळ मॅक मिनी घे." ॲपलच्या एम ४ चिपचा भारतात आला तेव्हा ५९,९०० रुपयांपासून होता. स्क्रीन आणि कीबोर्ड माझ्याकडे आहेतच, त्यामुळे मन ओढ घेतंय. शेजारचा हार्डवेअरवाला म्हणतो, लिनक्स टाका, एक पैसा लागत नाही.

अडचण अशी की माझं सगळं जुनं काम युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर सारखी दिसणारी आजची मराठी) आधीच्या फाँटांत आहे. टायपिंगचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं, तेही मागे यूएसबीला डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) असेल तरच. पत्रिका कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये, अहवाल पेजमेकर या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये. आणि टाइप करणाऱ्या काकू सरकारी टायपिंगची परीक्षा दिलेल्या, टाइपरायटरच्या मांडणीवर त्यांची बोटं न बघता चालतात. त्यांना या वयात नवी मांडणी शिका म्हणायचं माझ्या जिवावर येतं. ऑगस्टमध्ये दुकान त्यांच्याच वेगावर उभं असतं.

मराठी छपाईचं काम करणाऱ्या कुणी असा बदल केला असेल तर सविस्तर सांगा.

राजारामपुरी_डिझाइन

ताई, मी मॅकवरच काम करतो आणि मला तो मनापासून आवडतो. तरीही तुम्हाला आत्ता घ्या म्हणणार नाही.

कोरल २०१९ पासून मॅकवर परत आलंय आणि ॲपलच्या स्वतःच्या चिपवरही चालतं. पण व्हीबीएचे मॅक्रो (तेच काम आपोआप करणारे छोटे प्रोग्रॅम) मॅकवर चालत नाहीत. पावती पुस्तकांचे नंबर मॅक्रोनं टाकत असाल तर पहिला अडथळा तिथंच. पेजमेकरची शेवटची आवृत्ती ७, ती २००१ ची. आजच्या मॅकवर त्याचा विषयच नाही. त्याच्या जागी इनडिझाइन घ्यावं लागेल आणि ते दरवर्षी पैसे भरून.

खरा घोळ डोंगलचा आहे. जुन्या इंटेलच्या मॅकवर बूट कँपनं विंडोज टाकता यायचं, एम चिपवर ती सोय नाही. पॅरलल्स या सॉफ्टवेअरमधून विंडोज चालतं, पण ते एआरएमचं, म्हणजे एम चिपच्या जातीच्या प्रोसेसरसाठीचं विंडोज. साधे जुने प्रोग्रॅम ते चालवून घेतं, ड्रायव्हर (जोडलेलं यंत्र चालवणारा प्रोग्रॅम) मात्र एआरएमसाठीच बनवलेला लागतो. जुन्या डोंगलचा तसा ड्रायव्हर नसेल तर तुमचं टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडायलाच तयार होणार नाही. भाच्याला हे एवढं एक विचारा.

आणि काकूंची टाइपरायटरची मांडणी मॅकसोबत येत नाही, ती वेगळी मिळवावी लागेल.

गडहिंग्लजकर

मी लिनक्सवाला आहे, पण उगाच कौतुक करत नाही. आमचा छोटा प्रेस आहे आणि अहवाल आम्ही स्क्रायबस या पानं लावायच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये लावतो. जुन्या १.४ मध्ये मराठी जोडाक्षरं तुटायची. १.६ जानेवारी २०२४ ला आलं, त्यात युनिकोड मराठी नीट जुळते आणि सीएमवायकेची (छपाईच्या चार रंगांची) पीडीएफ निघते. छपाईची प्लेट काढणाऱ्याला तेवढंच लागतं.

तुमच्या कामाची आणखी एक गोष्ट: लिब्रेऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या फाइली उघडतं. मांडणी थोडी हलते, पण मजकूर बाहेर काढता येतो. कोरलची सीडीआर फाइल इंकस्केप या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडते, तरी पत्रिकांसाठी त्यावर विसंबू नका, मजकूर विस्कटतो आणि रंग आरजीबीत (स्क्रीनच्या रंगांत) येतात. डोंगलचं दुखणं इथंही तेच. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणाऱ्या वाइनमधून विंडोजचा ड्रायव्हर बसत नाही.

लिनक्स मिंट ही लिनक्सची आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन मशीन त्यावरून सुरू करून बघा. हार्डडिस्कला हात लागत नाही. प्रिंटर सापडतो का, स्कॅनर चालतो का, तासाभरात कळेल.

लक्ष्मीपुरी_डीटीपी

दोघांचे मनापासून आभार. डोंगलचं हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, भाच्यानंही नाही.

म्हणजे मशीन कुठलंही घेतलं तरी अडतंय ते फाँटांपाशीच. जुन्या फाइली कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या तर कितपत नीट येतात? अहवालात मागच्या वर्षीचा मजकूर पुष्कळ तसाच राहतो, त्यामुळे जुनी फाइल हाताशी लागतेच.

इचलकरंजी_प्रेस

ताई, आम्ही ह्यातनं गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

मजकूर येतो, पण प्रूफ वाचल्याशिवाय एक ओळसुद्धा सोडू नका. पहिला मार ऱ्याला बसतो. "दुसऱ्या" चं "दुसर्‌या" होतं नाहीतर रफार चढून "दुसर्या", आणि पत्रिकेतल्या "वऱ्हाडी मंडळीं" चं "वर्हाडी". घाईत नजरेतनं सुटतं आणि छापून आल्यावर घरचे लोक दुकानात येऊन उभे राहतात. ऱ्हस्व वेलांटी जोडाक्षरावर असली की कधी कधी भलत्याच अक्षरावर जाते, तीही बघा.

दुसरं जास्त धोक्याचं. जुन्या फाँटात इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठीचे तुकडे बसवलेले. नुसता मजकूर कन्व्हर्टरमध्ये टाकला की त्याला खरं इंग्रजी कुठलं ते कळत नाही. अहवालातला पॅन नंबर, जीएसटी नंबर, बँकेचा आयएफएससी कोड, सगळ्याचं मराठी कडबोळं होतं. म्हणून इंग्रजी तुकडे आधी बाजूला काढून ठेवायचे आणि नंतर हातानं बसवायचे. ताळेबंदाचे आकडे तर आम्ही कन्व्हर्ट करतच नाही. ते लेखापरीक्षकाच्या एक्सेलमधनं नव्यानं घेतो.

माझं मत विचाराल तर आधी फाँट बदला, मशीनचं मग बघू. आहे त्याच विंडोजवर युनिकोड सुरू करा. टाइपरायटरच्या मांडणीत युनिकोड टाइप करायची सोय विंडोजवर मिळते, तुमच्या काकूंची बोटं तशीच चालतील. अहवालाला मुक्ता फाँट चांगला, वजनं (जाड-बारीक प्रकार) भरपूर आहेत. पुस्तकी वळण पाहिजे तर टिरो देवनागरी मराठी घ्या, त्यात ल आणि श आपल्या मराठी वळणाचे आहेत. दोन्ही फुकट आणि कायदेशीर.

पत्रिकांचे नक्षीदार मथळे मात्र युनिकोडमध्ये अजून मनासारखे मिळत नाहीत. त्यासाठी एक जुनं मशीन डोंगलसकट ठेवा, नेटची वायर काढून. मथळा तिथं टाइप करायचा, कर्व्ह करायचा (अक्षरांच्या नुसत्या रेषा करायच्या) आणि फाइल पलीकडं न्यायची. कर्व्ह केलेल्या अक्षराला फाँट लागत नाही.

आणि सपोर्टची एवढी धास्ती नको. मायक्रोसॉफ्टची वाढीव सुरक्षा अपडेट घेतली तर विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालतात. सेटिंग्जमधनं नोंदणी होते, त्यांच्या खात्यावर बॅकअप चालू केलं तर पैसेही लागत नाहीत. फक्त त्या बॅकअपमध्ये सभासदांचे फोल्डर जाऊ देऊ नका.

लक्ष्मीपुरी_डीटीपी

दादा, कर्व्हची युक्ती आणि पॅन नंबरचा इशारा, दोन्हीसाठी तुमचे उपकार मानते. पॅन चुकून अहवाल सभेत वाटला गेला असता तर सचिवाला खाली मान घालावी लागली असती, आणि ती संस्था परत माझ्याकडे आली नसती.

माझं ठरलं. मॅक आत्ता नाही. अपडेटची नोंदणी आज करून टाकते. एका मशीनची नेटची वायर काढते, डोंगल आणि पत्रिका तिथंच राहतील. दुसऱ्यावर काकू युनिकोड सुरू करतील. मशीन बदलायचं ते आषाढी एकादशीनंतर. तेव्हा मुहूर्त थांबलेले असतात आणि अहवालांची गर्दी अजून सुरू झालेली नसते. त्या वेळी स्क्रायबस आमच्या हाताला बसलं असेल तर मिंट, नाहीतर आठव्या पिढीच्या पुढचं एखादं वापरलेलं मशीन घेऊन विंडोज ११.

गडहिंग्लजकर, एक राहिलंच. स्क्रायबसमध्ये ताळेबंदाचं दोन बाजूंचं टेबल तुम्ही तिथंच बनवता, की कॅल्कमधनं (लिब्रेऑफिसचं एक्सेलसारखं) पीडीएफ करून आणता?

गडहिंग्लजकर

कॅल्कमधनंच. स्क्रायबसचं टेबल अजून कच्चं आहे, त्यात वेळ घालवू नका. कॅल्कमध्ये पानाचा आकार अहवालाच्या मापाचा ठेवा, पीडीएफ करा आणि स्क्रायबसच्या चौकटीत तशीच बसवा. काळी अक्षरं फक्त काळ्या प्लेटवर येतात का, ते प्लेट काढायच्या आधी स्क्रायबसच्या प्रिव्ह्यूमध्ये रंग वेगळे करून बघा.