मदत हवी आहे: जपानमध्ये गाडीला नवीन बॅटरी बसवली, तरीही गाडी सुरू होत नाही

दवबिंदू (रविवार, सायंकाळी 6:40)

नमस्कार. आम्ही नागानो प्रांतातील मात्सुमोतो येथे राहतो. गेल्या आठवड्यात थंडी वाढल्यापासून गाडी सकाळी सुरू होईना, म्हणून जुन्या बॅटरीवरचा क्रमांक पाहून त्याच क्रमांकाची नवीन बॅटरी ऑनलाइन मागवली आणि काल स्वतःच बसवली. दिवे लागतात, हॉर्न वाजतो, पण चावी फिरवली की गाडी सुरू होत नाही. बुधवारी सकाळी मुलीला रुग्णालयात न्यायचे आहे आणि आमच्या भागात बस तासाला एकच आहे. जपानी मला जेमतेम वाचता येते, त्यामुळे गॅरेजमध्ये फोन करून नीट समजावून सांगता येणार नाही. कृपया नेमका उपाय सांगावा.

चाकोरी (रविवार, रात्री 7:15)

मी बारा वर्षे नागोयात आहे. आपण दिलेल्या माहितीवरून कोणालाही नेमके सांगता येणार नाही. गाडी किती सालची आहे, इंजिन किती लिटरचे आहे, आणि सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या प्रकारातील आहे का? नवीन बॅटरीवर छापलेला पूर्ण क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, कोणता आहे? आणि 'सुरू होत नाही' म्हणजे काय होते: आवाजच येत नाही, टक्‌ असा एकच आवाज येतो, की टकटकटक असा येत राहतो?

बर्फाळ वाट (रविवार, रात्री 8:05)

आम्ही कॅलगरीला आहोत. येथे उणे तीस अंशांत गाडी सुरू करावी लागते, त्यामुळे अनुभवाने सांगते की इंजिन तापवणारा ब्लॉक हीटर बसवून घ्या. रात्री त्याची पिन विजेच्या सॉकेटला जोडून ठेवली की सकाळी इंजिन तेल पातळ असते आणि बॅटरीवर ताण येत नाही. तोपर्यंत जंपर केबलने दुसऱ्या गाडीवरून सुरू करून पाहा.

दवबिंदू (रविवार, रात्री 8:30)

गाडी 2009 सालची आहे, 1.5 लिटर पेट्रोल, सिग्नलला बंद होणारी नाही. बॅटरी 46बी24 आहे, दोन्हीही. टकटकटक असा आवाज येतो आणि त्या वेळी डॅशबोर्डचे दिवे मंद होतात. येथे काल पहाटे उणे आठ होते, म्हणजे हीटर लागावा एवढी थंडी मला वाटत नाही.

जंपर केबलचे सांगायचे राहिले. शेजारच्या आजोबांनी सकाळी त्यांच्या गाडीवरून केबल लावली होती आणि आमची गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली. अर्धा तास फिरवून आणली, घरी येऊन बंद केली, आणि पुन्हा तेच. याचा अर्थ विक्रेत्याने खराब बॅटरी पाठवली, असाच होतो ना?

इसारकाठ (रविवार, रात्री 9:10)

मी म्युनिकला राहतो. माझ्या गाडीची बॅटरी बदलल्यावर ती नवीन असल्याची नोंद गाडीच्या संगणकात करावी लागली होती. तशी नोंद केली नाही, तर गाडी जुनी बॅटरी समजूनच चार्जिंग करते. आपल्या गाडीचेही तसेच असावे. शिवाय 46 ॲम्पिअर-तास ही क्षमता थंड प्रदेशासाठी मला कमी वाटते. माझ्याकडे 70 ची आहे.

चाकोरी (रविवार, रात्री 9:45)

इसारकाठ, आपला अनुभव खरा आहे, परंतु तो येथे लागू होत नाही. 2009 च्या साध्या जपानी पेट्रोल गाडीत अशी नोंद नसते. नोंद लागणाऱ्या गाडीतही ती केली नाही म्हणून सेल्फच (इंजिन सुरू करणारी मोटर) फिरणार नाही, असे होत नाही. दुसरे म्हणजे जपानी क्रमांकातील 46 हे ॲम्पिअर-तास नव्हेत. तो कार्यक्षमतेचा दर्जा दाखवणारा अंक आहे. पुढचे 'बी' हे खोक्याच्या रुंदी-उंचीचे माप, आणि 24 ही सेंटिमीटरमधील लांबी. युरोपात ॲम्पिअर-तास ठळक छापतात, म्हणून हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. थंड प्रदेशासाठी मोठी बॅटरी दिलेल्या गाड्या जपानमध्ये मिळतात हे खरे आहे आणि पुढच्या वेळी त्याच खोक्यातील 60बी24 घेता येईल, परंतु नव्या 46 ने उणे आठ अंशांत गाडी सुरू व्हायलाच हवी.

दवबिंदू, मी शेवटच्या अक्षरांसह क्रमांक विचारला होता, तो अजून कळला नाही. मल्टिमीटर असेल, तर बॅटरीचा व्होल्टेजही सांगा.

दवबिंदू (रविवार, रात्री 10:05)

मल्टिमीटर कालच आणला. बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवते. अक्षर 'एल' आहे. प्लस आणि मायनस जागच्या जागी आले आहेत, केबल पुरतात, त्यामुळे तो प्रश्न नाही. मला फक्त एवढेच हवे आहे की ही बॅटरी खराब आहे, असे विक्रेत्याला कोणत्या शब्दांत लिहू?

जुना पाना (सोमवार, पहाटे 1:20)

पुण्यात सव्वीस वर्षे माझे गॅरेज आहे. टकटक आवाज आला की लोक बॅटरी बदलतात, पण पुष्कळदा दोष सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये, म्हणजे सेल्फला वीज जोडणाऱ्या चुंबकी स्विचमध्ये, असतो. त्यातील तांब्याचे संपर्क झिजतात. मदतनिसाला चावी फिरवायला सांगून सेल्फवर हातोडीच्या दांड्याने हलके ठोकावे. सुरू झाली, तर सेल्फ काढून दुरुस्तीला द्यावा.

चाकोरी (सोमवार, सकाळी 7:10)

पाना साहेब, आपल्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण शेजाऱ्यांच्या केबलवर गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली आहे. सोलेनॉइड झिजलेला असता, तर इतक्या सहज झाली नसती. आणि 12.6 व्होल्ट दाखवणारी, परवा उघडलेली बॅटरी खराब आहे असे म्हणायलाही मी तयार नाही. मला त्या दोघांच्या मधल्या जागेचा संशय आहे.

दवबिंदू, शेजाऱ्यांनी केबलचे चिमटे नेमके कुठे लावले होते: बॅटरीच्या टर्मिनलवर, की टर्मिनलला धरणाऱ्या क्लॅम्पवर?

जुना पाना (सोमवार, सकाळी 10:40)

केबलचा मुद्दा माझ्या नजरेतून सुटला, तो मान्य करतो. मग मीही एक विचारतो. क्लॅम्पचा नट आवळल्यावर क्लॅम्प हाताने फिरतो का?

दवबिंदू (सोमवार, सायंकाळी 7:50)

लाल चिमटा प्लसच्या क्लॅम्पवर आणि काळा इंजिनच्या लोखंडी आकड्यावर लावला होता.

क्लॅम्प थोडा सैल बसत होता, हे खरे आहे. नट शेवटपर्यंत आवळूनही तो फिरत होता, म्हणून दोन्हीकडे स्वयंपाकघरातील ॲल्युमिनियमची फॉइल दोन-तीन वेढे गुंडाळून तो घट्ट केला. आता हलत नाही. दिवे व्यवस्थित लागतात, म्हणजे वीज येते आहे, म्हणून ते लिहायची गरज वाटली नाही.

जुना पाना (सोमवार, रात्री 8:15)

साहेब, हेच सर्वांत आधी लिहायला हवे होते. ती फॉइल आजच काढा, आणि आधी मायनसचा क्लॅम्प काढा, मग प्लसचा. तोपर्यंत गाडी चालवू नका. चालत्या इंजिनात बॅटरीचा संपर्क क्षणभर तुटला, तरी बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरकडून उंच व्होल्टेजचा झटका गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांत जातो. काल अर्धा तास फिरलात आणि काही जळले नाही, हे नशीब समजा. त्या जागी ठिणगी पडणेही बरे नाही, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन बाहेर पडतो.

दिवे लागतात म्हणून वीज पुरेशी आहे, हा समज माझ्या गॅरेजमध्ये रोज ऐकायला मिळतो. हेडलाइटला नऊ-दहा ॲम्पिअर लागतात. सेल्फला थंडीत दीडशेच्या आसपास लागतात. संपर्काच्या जागी ओहमच्या शंभराव्या भागांइतका, समजा 0.03, रोध असला, तर दिव्यांच्या वेळी तेथे 0.3 व्होल्ट हरवतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. सेल्फच्या वेळी त्याच जागी साडेचार व्होल्ट हरवतात. सोलेनॉइड आत ओढला जातो, व्होल्टेज पडते, तो सुटतो, पुन्हा ओढला जातो. आपण ऐकता ती टकटक हीच आहे. ॲल्युमिनियमवर तर मुळातच वीज न वाहणाऱ्या ऑक्साइडचा पातळ थर असतो.

चाकोरी (सोमवार, रात्री 8:40)

आणि शेजाऱ्यांच्या केबलने गाडी का सुरू झाली, तेही यातच आले. त्यांची वीज थेट क्लॅम्पमध्ये आणि इंजिनच्या लोखंडात गेली, आपल्या बॅटरीच्या टर्मिनलला तिचे कामच पडले नाही.

क्लॅम्प सैल का झाला, हा प्रश्न उरतो. जुनी बॅटरी अजून घरी आहे का? तिच्यावरची सगळी अक्षरे वाचून सांगा.

दवबिंदू (सोमवार, रात्री 9:20)

जुनी बॅटरी बाल्कनीत आहे. विजेरी घेऊन पाहिली. तिच्यावर 46बी24 पुढे 'एलएस' असे आहे. नवीनवर नुसते 'एल'. मला 'एस' हे कंपनीच्या एखाद्या मालिकेचे अक्षर वाटले होते.

चाकोरी (सोमवार, रात्री 9:35)

'एस' म्हणजे जाड टर्मिनल. या खोक्याची बॅटरी दोन प्रकारच्या टर्मिनलांत मिळते. जाड प्रकारात प्लस साधारण साडेएकोणीस मिलिमीटरचे असते, बारीक प्रकारात पंधरा मिलिमीटरहून थोडे कमी. मायनस दोन्ही प्रकारांत आणखी थोडे बारीक. चार-पाच मिलिमीटरची ही फट क्लॅम्प आवळून भरत नाही.

खात्री करायची असेल, तर फॉइल काढण्यापूर्वी एक चाचणी एकदाच करा. मल्टिमीटरची एक टोचणी टर्मिनलच्या शिशावर आणि दुसरी क्लॅम्पच्या धातूवर टेकवा, आणि घरातल्या कोणाला तरी दोन सेकंद चावी फिरवायला सांगा. चांगल्या जोडणीत तेथे जवळजवळ शून्य दिसायला हवे.

इसारकाठ (सोमवार, रात्री 10:00)

जाड टर्मिनलची दुसरी बॅटरी घेणे हाच खरा उपाय आहे. मध्ये कोणतीही जोड घालू नये. जितके सांधे जास्त, तितका दोष जास्त.

जुना पाना (सोमवार, रात्री 10:25)

याच्याशी मी सहमत नाही. बारीक टर्मिनलवर बसणारी, आतून-बाहेरून निमुळती, एका बाजूने चिरलेली धातूची बाही मिळते. ती त्याच कामासाठी बनवलेली असते. टर्मिनल स्वच्छ घासून बाही खालपर्यंत बसवली, तिची चीर आणि क्लॅम्पची चीर एकाच रेषेत ठेवली आणि नट आवळला, की जोड वर्षानुवर्षे टिकते. चांगली बॅटरी टाकून देण्याचे कारण नाही. फॉइल आणि बाही यांना एकाच मापाने मोजू नका.

इसारकाठ (सोमवार, रात्री 10:40)

ज्यांना स्वतः आवळण्याचा अनुभव आहे त्यांच्यासाठी ते ठीक असेल. मुलीला रुग्णालयात नेण्याच्या दिवशी मी तरी असा प्रयोग केला नसता.

चाकोरी (सोमवार, रात्री 10:55)

वापरलेली बॅटरी ऑनलाइन विक्रेता सहसा परत घेणार नाही, त्यामुळे दुसरी घ्यायची तर पूर्ण किंमत पुन्हा मोजावी लागेल. उद्या जुन्या बॅटरीचा फोटो घेऊन मोटारीच्या सामानाच्या दुकानात जा. तो फोटो आणि नव्या बॅटरीचा फोटो शेजारी शेजारी दाखवलात, तर भाषेची फारशी गरज पडणार नाही. बुधवारी पहाटे तरीही अडचण आली, तर जाफ या वाहनचालक महासंघाची मदत #8139 वर मिळते. गाडीच्या विम्यातही अशी मदत बहुतेक समाविष्ट असते, ते आजच कागदपत्रांत पाहून ठेवा.

बर्फाळ वाट (मंगळवार, सकाळी 6:30)

जुनी बॅटरी बाल्कनीत ठेवू नका. तिच्यात शिसे आणि आम्ल आहे, आणि घरात लहान मूल आहे. आमच्याकडे दुकानदार जुनी परत घेतात.

चाकोरी (मंगळवार, सकाळी 7:00)

येथेही नगरपालिकेचा कचरा विभाग ती घेत नाही, दुकानातच द्यावी लागते. पण दवबिंदू, काम पूर्ण होईपर्यंत ती देऊ नका, मापाला ती हाताशी हवी.

दवबिंदू (मंगळवार, रात्री 8:10)

काल रात्री चाचणी केली. पत्नीने चावी फिरवली. आकडे स्थिर राहत नव्हते, पण प्लसच्या जोडणीवर साधारण 3.1 आणि मायनसवर 2.2 व्होल्ट दिसले. म्हणजे बॅटरीतून निघालेले पाच व्होल्टहून अधिक त्या फॉइलमध्येच राहत होते. फॉइल काढली, तेव्हा एका बाजूला तिला काळी भोके पडलेली होती. ती पाहून पत्नीने मला जे विचारले, त्याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

आज कार्यालयातून लवकर निघून दुकानात गेलो आणि दोन्ही फोटो दाखवले. तेथील मुलाने एक शब्दही न विचारता प्लस आणि मायनसच्या दोन बाह्या काढून समोर ठेवल्या. पाना साहेबांनी लिहिल्याप्रमाणे टर्मिनल घासले, चिरा जुळवल्या, आधी प्लस आणि मग मायनस आवळले. क्लॅम्प आता दोन्ही हातांनी फिरवूनही हलत नाही. गाडी लगेच सुरू झाली. पुन्हा मोजले, तर चावी फिरवताना दोन्हीकडे 0.1 व्होल्टच्या आत दिसते, आणि इंजिन चालू असताना बॅटरीवर 14.2 आहे.

इसारकाठ, आपली काळजी मला पटते, म्हणून आज रात्री गाडी बाहेर थंडीतच ठेवून पहाटे पाच वाजता सुरू करून पाहणार आहे. नाही झाली, तर जाफला फोन करायला पुरेसा वेळ असेल. चालकाच्या बाजूची काच मात्र बटण एकदा दाबून पूर्वीसारखी वरपर्यंत जात नाही. हेही बॅटरी काढल्यामुळेच झाले आहे का?

जुना पाना (मंगळवार, रात्री 8:45)

होय, वीज तुटल्यावर काचेचे ऑटो विसरले जाते. बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून काच पूर्ण खाली घ्यायची, मग बटण ओढून पूर्ण वर न्यायची आणि वर गेल्यावरही दोन-तीन सेकंद बटण ओढूनच धरायचे. पहाटे काय झाले ते लिहा.

दवबिंदू (बुधवार, पहाटे 5:12)

उणे नऊ. पहिल्या फटक्यात सुरू झाली. काचही जमली. आम्ही सात वाजता निघतो.