बोटीचं काय ठरलं?

वहिनी: कुणी उत्तर देणार आहे का? परवापासून तिसऱ्यांदा विचारतेय. पांढरी बोट घ्यायची म्हणताय, तर तिच्या ट्रान्समवर, म्हणजे इंजिन टांगतात त्या मागच्या फळीवर, इंजिनाच्या बोल्टांभोवती ठोकून पाहिलं का?

दादा: अगं, दोन्ही बोटी सारख्याच आहेत. फायबरच्या, 19 फुटी, दोन्हींना आउटबोर्ड, म्हणजे मागे बाहेर टांगलेलं इंजिन. पांढरीला 150 हॉर्सपॉवर, निळीला 115. यात एवढा विचार कसला करायचा?

भाऊजी: 150 म्हणजे विषयच संपला. निळी घेतलीत तर वल्ही मी मारतो 😄

आत्या: मागच्या वेळीही विषय असाच संपला होता. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मी काही बोलत नाही.

अण्णा: जुनं उकरून काढू नकोस.

ताई: निळीच्या गाद्या छान आहेत. मागे चढायला शिडी आहे का?

मामा: सारख्या कशा म्हणता? तळ बघा, व्ही आकाराचा असतो. मागच्या टोकाला पांढरीचा व्ही 21 अंशांचा, निळीचा 15 चा. खोल व्ही लाट कापत जातो, आपटत नाही. पण बोट उभी केली की जास्त डुलते, आणि पळवायला ताकदही जास्त लागते. आपला निम्मा वेळ नांगर टाकून पोहण्यात जाणार. सगळी मुलं एकाच बाजूला धावतात, हे विसरू नका.

भाऊजी: मामांची शाळा भरली 🙏

मामा: शाळा तर शाळा. मागच्या बोटीच्या वेळी ऐकलं असतंत तर

अण्णा: पुन्हा तेच!!

वहिनी: ट्रान्समवर ठोकून पाहिलं का?

दादा: पाहिलं गं. चकाचक आहे.

वहिनी: रंगाचं नाही विचारलं. रविवारी तुम्ही सगळे इंजिनाचा आवाज ऐकत होतात, तेव्हा मी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत होते. कडेला टणक टकटक, खालच्या बोल्टांपाशी एकदम बद्द. तिथे तपकिरी ओघळ आहे, हात लावला तर ओला. आत प्लायवूड असतं. बोल्टच्या भोकातून पाणी शिरलं की ते कुजतं आणि वरचं फायबर तसंच तकतकीत राहतं. 150 चं इंजिन दोनशे किलोच्या घरातलं. ते त्या फळीवर लटकणार आणि माझी मुलं त्याच्या पुढ्यात बसणार.

आत्या: हे आधी का नाही सांगितलंस?

वहिनी: सोमवारीच लिहिलं होतं. त्याखाली भाऊजींचे आठ मेसेज आहेत.

भाऊजी: सॉरी वहिनी. खरंच वाचलं नव्हतं.

मामा: बरोबर आहे तिचं. दुरुस्ती होते, पण इंजिन उतरवून, फायबर कापून, आतलं सगळं लाकूड बदलावं लागतं. आणि निळीला तरी सोडू नका. तिथेही ठोका, ओलावा मोजायचं मीटर लावा. इंजिनाची कॉम्प्रेशन टेस्ट करा, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब मोजा. एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा दहा टक्क्यांहून खाली असेल तर परत फिरा.

दादा: मी पांढरीवाल्याला शनिवारी येतो म्हणून सांगितलंय.

अण्णा: मग आजच फोन करून नाही म्हण.

दादा: सगळं ठरल्यावर असं कसं सांगायचं?

अण्णा: कुणी ठरवलं?

ताई: शिडीचं कुणी सांगेल का?

वहिनी: निळीला आहे, ताई. उघडली की खालच्या दोन पायऱ्या पाण्यात जातात. धाकटीलाही पाय टेकवता येईल.